ओढू नकोस

आई, आज मी ऑफिसात इतक्या जोरात ओरडलो की सगळे माना वळवून बघायला लागले. शब्द तुझे होते, म्हणून तुलाच लिहितोय.

माझं काम तुला कधी नीट कळलं नाही. इथे आखातात, देऱ्यातल्या या ऑफिसातून आम्ही थंड देशांना रेडिएटरचे व्हॉल्व्ह विकतो. तिकडे भिंतीला लागून असलेल्या रेडिएटरमधून गरम पाणी फिरतं आणि खोली पुरेशी तापली की हा व्हॉल्व्ह आपणहून ते अडवतो. "म्हणजे घाम पुसत ऊब विकतोस की रे," असं तू फोनवर म्हणाली होतीस. बरोबरच होतं ते. इतकी वर्षं विकतोय, पण चालू रेडिएटरला हात लावायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. आणि आता तुझी नात तिकडे इंग्लंडात एकटी शिकायला गेलीय.

दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. अंगात ताप, स्वेटरवर स्वेटर, आणि खोली गारठलेली. घरमालक म्हणे सोमवारी माणूस पाठवतो. "बाबा, इट्स ऑन फाइव्ह सिन्स मॉर्निंग. नथिंग!" पाच हा व्हॉल्व्हच्या डोक्यावरचा शेवटचा आकडा. मी म्हटलं, अगं, पाचावर ठेवल्यानं खोली लवकर तापत नाही, व्हॉल्व्ह फक्त उशिरा थांबतो. आधी खालच्या पाइपला हात लाव. पाइप चटका बसण्याइतका गरम आणि रेडिएटर थंडगार! मग माझ्या लक्षात आलं. उन्हाळाभर बंद राहिलं की आतली पिन खालीच अडकून बसते, ही तक्रार आमच्याकडे नेहमीची. मी टेबलावरचा नमुना उचलला, त्याचं डोकं फिरवून काढून दाखवलं आणि तिलाही तसंच काढायला लावलं. आता चमच्याच्या पाठीनं पिन हळूच दाबायची आणि सोडायची, एवढं सांगतोय तोवर बाईसाहेबांच्या हातात पक्कड! "आय्ल जस्ट पुल इट आउट." पिन उपटून आली असती तर कढत पाण्याची धार थेट तिच्या तोंडावर आली असती, आणि मी इथे बसून नुसता बघत राहिलो असतो.

"हात काढ, मेले! ओढू नकोस!"

तिनं पक्कड टाकली. डोळे भरून आले. "बाबा, स्टॉप शाउटिंग," असं म्हणाली, पण चमचा घेतला. दाबते, सोडते, पुन्हा दाबते. पिन हलेना. शेवटी टक् करून पिन वर आली आणि पाणी खळखळल्याचा आवाज मला इथवर ऐकू आला. तिनं रेडिएटरवर तळवा ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला. मग हसली. "यू साउंडेड जस्ट लाइक आजी. दॅट कुकर स्टोरी!"

ती गोष्ट मी तिला किती रंगवून सांगितलीय! कुकरची शिट्टी अडकलेली, आत वाफ कोंडलेली, मी फडकं घेऊन शिट्टी उपटायला गेलो, आणि "हात काढ, मेल्या!" म्हणत तू मला मागे खेचून शेजारच्या काकूंसमोर कानाखाली वाजवलीस. मी रुसून जेवलो नाही. आजी म्हणजे जमदग्नीचा अवतार, एवढंच तिला ठाऊक आहे. तेवढंच मी सांगत आलो.

कॉल संपल्यावर नमुन्याचं डोकं परत बसवायला घेतलं तर आटे जुळेनात. दोनदा ते बोटांतून निसटलं. तेव्हा मला त्या दिवसाचा उरलेला भाग आठवला. मला मारल्यावर तू गॅस बंद केलास आणि तिथेच फरशीवर बसलीस. तुला उठता येईना. काकूंनी पाणी दिलं, तर पेला तुझ्या हातात इतका हलत होता की पाणी सगळं पदरावर सांडलं. मी गाल धरून कोपऱ्यातून ते बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बरी खोड मोडली.

शेजारच्या टेबलावरचा केरळी सहकारी मघाशी विचारून गेला, "भाई, सब ठीक?" मी इथल्या अरबी सवयीनं म्हटलं, "खलास, हो गया, सब ठीक." व्हॉल्व्हचं डोकं अजून सुटंच पडलंय, आई. मला ते बसवता येत नाहीये.