एकविसावी कॅसेट

भोर, १२ डिसेंबर २००५

प्रिय रघू,

तुझं पत्र मिळालं. आई जाऊन महिना होत नाही तोच तू लिहितोस, ताई, रडू नकोस, हे जाणं तात्पुरतं आहे. दहाव्याला भटजीही हेच म्हणाले. ते आत्मा म्हणाले, तू माहिती म्हणतोस, एवढाच काय तो फरक. आणि ते निदान इथं येऊन म्हणाले.

बारावीला होतास तेव्हाचं आठवतं का? तुझ्या मार्कांसाठी आईने हिर्डोशीच्या देवीला कौल लावला होता. पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गेनबा गुरव उजवी कळी मुद्दाम सैल लावतो, असं तू भर देवळात सांगितलंस. लोक हसले. आई मान खाली घालून पायऱ्या उतरली. मीही हसले होते, त्याची मला आता लाज वाटते.

आणि आता तुझं बघ. चाळीस वर्षांत यंत्रं माणसाहून शहाणी होणार, ती त्यांच्याहून शहाणी यंत्रं घडवणार, मग मरण संपणार आणि मेलेलेही उठणार! तोवर तगायचं म्हणून तू रोज मूठभर गोळ्या गिळतोस. दर रविवारी तिकडे परदेशात तुम्ही मित्र जमता, तो दिवस कधी उगवणार याचा खल करता आणि शंका काढणाऱ्याची कीव करता. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. गेनबाचा कौल चुकला तर लोक त्याला बाजारात गाठून जाब विचारतात. तुझा देव तर अजून जन्मायचाच आहे, त्याला कोण विचारणार?

आईने मात्र तुझ्यावर विश्वास ठेवला. तू टेपरेकॉर्डर पाठवलास, सगळं आयुष्य यात बोलून ठेव म्हणालास, त्यातून यंत्र तुला पुन्हा घडवेल म्हणालास. रोज सकाळी आंघोळ करून ती त्या डब्याला हळदकुंकू वाहायची आणि मगच बटण दाबायची. ते बटण कुंकवाने अजून लाल आहे. तिचं माहेर, बाबांची कचेरी, तुझा गोवर, असं करत वीस कॅसेटी भरल्या. श्रावणात डॉक्टरांनी चार महिने सांगितले, तेव्हा मी तुला फोन केला. तू म्हणालास, आत्ता घाई कसली, पुढे आपल्याकडे हजारो वर्षं आहेत. तुझं वाक्य मी तिला जसंच्या तसं सांगितलं. गोड करून सांगता आलं असतं, पण नाही सांगितलं.

दसऱ्याआधी तिने मला हिर्डोशीला न्यायला लावलं. चालवत नव्हतं तरी एसटीने गेलो. रघू येईल का, एवढंच तिला विचारायचं होतं. डावी पडली. पुन्हा विचारलं, पुन्हा डावी. तिसऱ्यांदा तिने हात जोडले तेव्हा गेनबा म्हणाला, "आक्का, देवीला तीनदा इचारत न्हाईत. घरला चला." म्हातारा रडत होता. देवीचं खरं निघालं, रघू.

घरी आल्यावर तिने एकविसावी कॅसेट भरली. त्या दिवशी हळदकुंकू वाहिलं नाही. दार लावून तासभर बोलली आणि माझ्या हातात देऊन म्हणाली, ही त्याला पोचव.

आईने फोनवर एकवीस सांगितल्या होत्या, मग पार्सलात वीसच कशा निघाल्या, शेवटची कुठे आहे, तिच्यावाचून आई अपुरी राहील, असं तू विचारलंस, म्हणून हे पत्र लिहायला बसले. ती मी ऐकली. दोनदा ऐकली. मग दहाव्याला अस्थींबरोबर नीरेत सोडून दिली. तिने तुला माफ केलं की नाही, हे आता एकट्या मला ठाऊक आहे आणि मी ते सांगणार नाही. तुझं यंत्र तिला उठवेल तेव्हा तिलाच विचार. आत्ता घाई कसली?

तुझीच,
ताई