हनुवटीवरची खूण

५ फेब्रुवारी

चि. ठकूस, अनेक आशीर्वाद.

तुझे बारा फोटो नीट पोचले. तुझ्या वहिनीने पुडकं सोडलं, भट्टीवाल्या बाईचा भाजलेला गाल पाहिला आणि हातातला चहा तसाच ठेवून आत गेली. सभागृहाचे चिटणीस मात्र तासभर माझं डोकं खात बसले. त्यांचं म्हणणं, फोटो झकास आहेत, पण प्रदर्शनाला लोक घटकाभर मन रमवायला येतात. त्यांना व्रण आणि डाग कशाला? जाता जाता हळूच म्हणाले की बिट्टी गेल्यापासून तिच्या आईची, म्हणजे तुझी, नजर कडवट झाली आहे.

मी तुझ्या वतीने शब्द देऊन बसलोय. बाबांचं ब्लेड तुझ्याकडेच आहे. निगेटिव्हवर डाग तेवढे घासून टाक. तुझ्याइतका हलका हात या धंद्यात कुणाचा नाही. जिवावर येत असेल तर निगेटिव्ह पाठव, मी घासतो. पहिल्यांदाच तुझं नाव सभागृहाच्या दारावर लागतंय, हट्टापायी घालवू नकोस.

इकडे डार्करूमच्या भिंतीला जागा उरली नाही. कुठल्या कागदाला किती सेकंद उजेड द्यायचा, ते खराब निघालेल्या प्रतींच्या पाठीवर लिहून टाचायची माझी सवय काही जात नाही. हस खुशाल, चिक्कू म्हण.

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर यावं.
तुझा दादा


९ फेब्रुवारी

ती. स्व. दादास, सा. न. वि. वि.

चिक्कू तर तू आहेसच. पण मला न विचारता शब्द वाटण्यात मात्र तुझा हात फार सढळ. तो शब्द परत घे. ब्लेड चालणार नाही आणि निगेटिव्हही मिळणार नाहीत.

भट्टीवाल्या बाईला मी सवयीने दुसरा गाल पुढे करायला सांगितला होता. ती म्हणाली, त्या गालाने आयुष्यात काही केलेलं नाही, फोटो ह्याचा काढा. मी खाली मान घालून काढला.

आता तुला कधी न सांगितलेलं सांगते. बिट्टी तीन वर्षांची असताना आपल्या स्टुडिओतल्या उंच स्टुलावरून पडली, हनुवटीला तीन टाके पडले. ती स्वतः चढली असं मी सगळ्यांना सांगितलं. तिला मीच वर बसवलं होतं आणि दिवा सरकवायला पाठ फिरवली होती. पुढे तिचे जेवढे फोटो काढले, त्या प्रत्येक निगेटिव्हवरून तो पांढरा व्रण मी घासला. मला तो बघवत नव्हता. घासलेलं परत येत नाही, हे तुला सांगायला नको.

आज माझ्याकडे तिचे साठ फोटो आहेत आणि एकातही ती नाही. हसली की तो व्रण वाकडा व्हायचा. परवा आरशात बघून स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं, तर डावीकडे होता की उजवीकडे, आठवेना. दादा, मला आठवेना.

नजर कडवट झाली म्हणतात ना, होऊ दे. गोड होती तेव्हा मी पोटच्या पोरीचा चेहरा पुसला. आता कुणाचा पुसणार नाही.

रागावलास तरी लोभ सोडू नकोस.
तुझी ठकू


१६ फेब्रुवारी

चि. ठकूस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या वहिनीने मोठ्याने वाचलं आणि अर्ध्यावर थांबली. मग आम्ही दोघं डार्करूममध्ये शिरलो. भिंतीवरची एकेक चिठ्ठी काढून उलटी केली. ती टाचण्या उपसत होती, मी बघत होतो. दोनशेच्या वर निघाल्या.

फोटो मोठे करायच्या एन्लार्जरच्या मागे एक होती. पाठीवर माझ्या अक्षरात ‘जुना कागद, अकरा सेकंद’. उलटली, तर बिट्टी हसतेय. तू निगेटिव्ह घासायला घेण्याआधी मी काढलेली चाचणीची प्रत. एक कड काळी पडली म्हणून वाया गेली होती. चार वर्षं मी तिच्या पाठीकडे बघून काम करत होतो, ठकू.

व्रण डावीकडे आहे. प्रत सोबत पाठवतो.

चिटणिसांना जाऊन सांगितलं, बाराही आहेत तसे लावा, नाहीतर राहू द्या. ते म्हणाले, राहू द्या. बरं झालं. आपल्या स्टुडिओची काच आहे, दर्शनी भिंत आहे. तिथले सगळे गुळगुळीत नवरे-नवऱ्या मी उतरवले. आमचाही फोटो उतरवला. बाबांनी तुझ्या वहिनीच्या नाकावरचा मस घासला होता. तेव्हापासूनचा राग तिने आज माझ्यावर काढला.

पडलेल्या पोरीचा दोष एकटीने वाहायचा नसतो. ते स्टूल मीच आणलं होतं.

लोभ होता, आता जरा मानही वाढला आहे.
तुझा दादा


२० फेब्रुवारी

ती. स्व. दादास, सा. न. वि. वि.

पोटभर रडले, मग कामाला बसले. तुझ्या प्रतीवरून नवी निगेटिव्ह केली आणि हातभर मोठा फोटो काढला. काळी कड तशीच ठेवली आहे. आता तेरा झाले. हा अगदी दारात लाव, चिटणिसांना सभागृहात जाता-येता तिच्यासमोरूनच जावं लागेल असा.

कुणी विचारलं की हनुवटीला काय झालं, तर खरं सांग. आईने पाठ फिरवली होती म्हण.

बाबांचं ब्लेड या पुडक्यात घातलं आहे. ते असते तर रागावले असते, रागावू देत. त्याने पेन्सिलींना टोक कर आणि भिंतीवर लिहीत राहा.

वहिनीला नमस्कार. लोभ असू दे, आणि एकही चिठ्ठी फेकू नकोस.
तुझी ठकू