चार घास शिरा

इतवारी, नागपूर
१२ नोव्हेंबर १९८४

प्रिय गोपिका,

अनेक आशीर्वाद. मूल आडवं आहे, ऑपरेशन करावं लागेल, असं यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितल्याचं तुझ्या पत्रात वाचलं आणि दोन दिवस मी घरात नुसतीच फिरत राहिले. काल तुझे बाबा म्हणाले, "जेवून काहून नाही राहिली वं, शामला?" तुझ्या जन्मावेळची एक गोष्ट मी कालही त्यांना सांगितली नाही. तेवीस वर्षं बोलले नाही.

तुझी आई रुख्मिणी माझी वहिनी, पण माझ्याच वयाची. धंतोलीच्या त्या दवाखान्यात तिला कळा सुरू होऊन दीड दिवस झाला होता. नर्सबाईंनी बजावलं होतं, पोटात काही जाऊ देऊ नका. रुख्मिणी माझा हात धरून म्हणाली, "भुकेनं जीव चालला वं. थोडंसं दे मले." मला बघवेना. घरून आलेल्या डब्यात शिरा होता. पडदा ओढून मी तिला चार घास भरवले. ती हसली. मला फार बरं वाटलं, गोपिका, हेही खरंच सांगते.

तासाभरात बाळाचे ठोके मंदावले, ऑपरेशन ठरलं. भूल देणारे डॉक्टर तरुण होते, हळू बोलायचे. त्यांनी विचारलं, "यांनी काही खाल्लंय का?" नर्सबाई समोरच उभ्या. त्या रागावतील म्हणून मी म्हणाले, "नाही जी. सकाळपासून पाणीही नाही." रुख्मिणीनं माझ्याकडे पाहिलं, पण तेवढ्यात कळ आली आणि तिला आत नेलं.

भुलीत तिला उलटी झाली, ती फुफ्फुसात गेली. तू सुखरूप होतीस. तीही शुद्धीवर आली, पण श्वास पुरेना. तिसऱ्या दिवशी दुपारी गेली. तुझ्या बाबांनी व्हरांड्यात त्या डॉक्टरांची कॉलर धरली. "तूच मारलं माह्या बायकोले!" डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. उलटीत काय निघालं, ते त्यांनी पाहिलं होतं. तरी त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मीही खाली मान घालून उभी राहिले.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, "आत्या, मी आईच्या मुळावर आले, आता माझं बाळ माझ्या मुळावर येईल का?" गल्लीतल्या बायका तुला हे ऐकवायच्या, तेव्हा मी तुला जवळ घ्यायची आणि गप्प बसायची. पोरी, तू कोणाच्याही मुळावर आली नाहीस. मी खोटं बोलले, म्हणून तुझी आई गेली. हे पत्र पोस्टात टाकून आले की तुझ्या बाबांनाही सांगणार आहे. तुला डॉक्टर विचारतील, तेव्हा खरं तेच सांग. बाळंतपणाला मी यावं की नाही, ते मात्र तू ठरव. नको म्हणालीस तरी मी समजेन.

तुझीच म्हणवून घ्यायला भिणारी,
शामलाआत्या