पसंतीच्या बोलीवर एक बाजा

देवास,
पौष वद्य पंचमी, शके १९०८

राजमान्य राजेश्री नीलकंठराव व्याही यांचे सेवेसी,

देवासहून श्रीपाद गणेश याचा आदरपूर्वक नमस्कार पोहोचावा. इकडे सर्व कुशल आहे. तिकडील कुशल आपण मला कळवीत नाही, तेव्हा ते असणारच असे गृहीत धरतो. आपल्या डाव्या गुडघ्याचे दुखणे आता उजव्यात आल्याचे सूनबाई नलिनीकडून समजले. (तिला वडिलांची पत्रे नियमित येतात, मला व्याह्यांची येत नाहीत. ही तक्रार नव्हे, केवळ नोंद.) विहीणबाईंनी संक्रांतीला पाठविलेल्या तिळाच्या वड्या पोहोचल्या व संपल्या. मुलीकडच्यांकडून काहीही स्वीकारावयाचे नाही, हा माझा नियम चि. सुभाषच्या लग्नापासून आपणांस ठाऊक आहे. तथापि खाद्यपदार्थ त्या नियमात येत नाहीत, कारण ते परत करण्याच्या स्थितीत उरत नाहीत.

याच नियमास अनुसरून, आपले पुतणे चि. अशोक यांनी मस्कतहून आणलेला आणि आपण दिवाळीत आपल्या उभयतांच्या एकुलत्या एक नातीसाठी, म्हणजे चि. चारुलतेसाठी, पाठविलेला विजेवरचा बाजा मी दुसऱ्याच दिवशी धारला परत केला, हे आपण विसरला नसाल. खोक्यावरची चिकटपट्टीदेखील मी उचकटू दिली नव्हती. सोबत चार ओळींची चिठ्ठी होती. तिचे उत्तर आले नाही. आमच्या कचेरीत उत्तर न येणे म्हणजे मजकूर मान्य असणे असा प्रघात आहे, म्हणून आपणांस राग आला असावा अशी शंकाही मला शिवली नाही. (ती आमच्या मंडळींना शिवली. पुढील आठ दिवस पानात भाजी दुसऱ्यांदा वाढण्यात आली नाही.) आपले घराणे धार संस्थानात मानकरी होते, आपल्या आजोबांना दसऱ्याच्या मिरवणुकीत छत्रीखाली चालण्याचा मान होता, हे मी लग्नाच्या बैठकीत तीन वेळा आदराने ऐकलेले आहे. अशा घरास परत आलेले एक खोके ठेवण्यापुरती जागा निश्चित असणार.

आता, परत करणाऱ्याने स्वतः विकत घेतले पाहिजे हे ओघानेच आले. आमच्या कारखान्याच्या वसाहतीत कमलताई नावाच्या बाई मुलांना वादन शिकवितात. पेटीवर एक हात भात्यात अडकतो, म्हणून दोन्ही हातांनी वाजवावयाचे हे नवे वाद्य (त्याची कंपनी कोणतीही असो, येथे सर्वजण त्यास कॅसिओच म्हणतात) मुलांनी घरी सरावासाठी बाळगावे, असा त्यांचा आग्रह आहे. चारुलतेस त्यांनी पेटीवर सूर दाखवून पाहिले आणि हात चांगला असल्याचे सांगितले. परंतु वसंत पंचमीपर्यंत घरी वाद्य न आल्यास तिची जागा पुढच्या मुलास मिळेल, हेही त्यांनी तितक्याच गोड आवाजात सांगितले. पुढचा मुलगा म्हणजे आमच्या समोर राहणाऱ्या दत्तोपंतांचा नातू. हा मुलगा जे जे वाजवितो ते रेल्वे फाटकापर्यंत ऐकू जाते, आणि ते काय आहे हे फाटकावरही कोणास सांगता येत नाही.

वाद्य कसे निवडावे याचा सल्ला मी प्रथम दत्तोपंतांकडेच मागितला, यावरून माझा निःपक्षपातीपणा आपल्या ध्यानी येईल. दत्तोपंत माल रवाना करण्याच्या विभागात आहेत, त्यामुळे कोणतीही वस्तू किती मोठी आहे यापलीकडे ते पाहत नाहीत. त्यांचे मत असे की बटणे जास्त तो बाजा चांगला. त्यांच्या ओळखीच्या एकाकडील बाजा ऐकण्यास ते मला घेऊन गेले. त्यात हेलिकॉप्टर होते. कुत्रा होता. पोलिसांची गाडी होती. घोड्याच्या टापा होत्या, आणि एक बटण दाबले असता कोणीतरी बाई परदेशी भाषेत हसत होती. षड्ज कोठे आहे असे मी विचारले, तेव्हा मालकाने पुष्कळ शोधून तो हेलिकॉप्टरच्या डाव्या बाजूस दाखविला. परतताना दत्तोपंत म्हणाले, “श्रीपादराव, एवढा विचार कशाला करता? पुढच्या वर्षी घ्या की. पोरगी कुठं पळून जातेय?” आपला नातू कोठे बसणार आहे याचा उल्लेख त्यांनी केला नाही, आणि मीही सभ्यपणाने केला नाही.

नंतर मी इंदूरला जेल रोडवर गेलो. कोट घातला होता, खिशात फूटपट्टी होती. (मुलांच्या खेळण्यातल्या बाज्यांच्या पट्ट्या बोटापेक्षा अरुंद असतात, आणि त्यावर शिकलेले मूल खऱ्या पट्ट्यांवर येताच आंधळ्यासारखे चाचपडते, असे कमलताईंनी बजावले होते.) पहिल्या दुकानात मी एका पट्टीची रुंदी मोजली, नंतर सर्व पट्ट्यांची मोजली, नंतर दुसऱ्या बाज्याशी ताडून पाहिली. दुकानदार गल्ल्यावर हनुवटी टेकून पाहत होता. “बाबूजी,” तो म्हणाला, “बाजा लेने आए हो कि परदे का कपड़ा?” मी त्याकडे दुर्लक्ष करून किंमत विचारली. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील मनुष्यास ती एका दमात ऐकणे अवघड होते, तरी मी ऐकली, आणि पक्के बिल व हमीपत्र मिळेल ना, अशी सरळ पृच्छा केली. आतल्या बाजूने एक गृहस्थ डोकावून पुन्हा आत गेले. दुकानदार हळूच म्हणाला, “भिया, ये बंबई से आया है। बंबई के पहले कहाँ था, वो न तुम पूछो न मैं बताऊँ।” मी म्हणालो की मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि बिलाविना काडेपेटीदेखील घेत नाही. त्यावर त्याने बाजा माझ्या हातांखालून काढून घेतला. “तो ऐसा करो, बिल ले जाओ। बाजा यहीं रहने दो।”

ही भूमिका मला अन्य दुकानांतही आढळली. एका दुकानात मला आयकर खात्याचा मनुष्य समजून चहा पाजण्यात आला व शटर अर्धे खाली ओढण्यात आले. चहा उत्तम होता.

नवा माल अशा रीतीने निकालात निघाल्यावर मी वापरलेल्या मालाकडे वळलो. टोंकखुर्दला भैयासाहेब म्हणून एक गृहस्थ लग्नाचा बँड चालवितात. त्यांच्याकडील बाजा माझ्या कुवतीत होता, आणि भैयासाहेबांनी जुन्या पाकिटाच्या पाठीमागे का होईना, सहीनिशी पावती लिहून दिली. त्या पावतीने मी मोहित झालो. बाज्याकडे पाहावयाचे राहून गेले. दोन मोसम वरातीत धूळ, अत्तर आणि शेवयांची खीर सोसलेला तो बाजा मांडीवर घेऊन मी देवासच्या बसमध्ये बसलो. मार्गशीर्षातली गोष्ट, लग्नसराईचे दिवस. बस खचाखच. भैयासाहेबांनी सौजन्य म्हणून त्यात नवे सेल घालून ठेवले आहेत आणि बंद करावयाचा खटका मोडलेला आहे, या दोन्ही गोष्टी मला पहिल्याच खड्ड्यात एकाच वेळी कळल्या.

नीलकंठराव, बाजा वाजू लागला. वरातीचा ठेका होता, घोडा अंगणात येतो तेव्हाचा. मी एक बटण दाबले, तो ठेका अधिक द्रुत झाला. दुसरे दाबले, सनई मिळाली. कोटाखाली झाकून पाहिले, तर मागच्या बाकावरून आवाज आला, “अरे दबाओ मत, खुल के बजाओ!” मागे एका लग्नाची मंडळी परतत होती. एक जण उठून नाचू लागला, नंतर तिघे, नंतर वाहकाने तिकिटांची पेटी बगलेत धरून दोन गिरक्या घेतल्या. इतक्यात लाल साफा बांधलेले एक वयोवृद्ध गृहस्थ डुलत पुढे आले, त्यांनी नोट काढून माझ्या डोक्यावरून तीनदा ओवाळली (वाजंत्र्यांवर ओवाळतात तशी) आणि ती माझ्या कोटाच्या खिशात खोचली. मी म्हणालो, “देखिए, मैं लेखाधिकारी हूँ।” ते माझा खांदा थोपटून म्हणाले, “तो क्या हुआ भिया, बजाते तो अच्छा हो।” मी नोट परत देऊ लागलो तेव्हा त्यांचा चेहरा असा उतरला, आणि त्यांच्यासोबतची चार धट्टीकट्टी माणसे अशी उभी राहिली, की मला ती ठेवून घेणे भाग पडले. देवासच्या थांब्यावर उतरताना मी केवळ माहितीसाठी विचारले, आपण कोणत्या पक्षाचे? ते अभिमानाने म्हणाले, “लड़की के मामा हैं।”

ती नोट मी टेकडीवर देवीच्या पेटीत टाकली. ती मी स्वीकारली असे म्हणता येणार नाही. ती खिशात आली.

बाजा कमलताईंना दाखविला. त्यांनी पट्ट्यांवरून एकदा हात फिरविला. “काका, ह्यात दोन सूर वाजतच नाहीत.” मी म्हणालो की भैयासाहेबांच्या मते ते वरातीत लागत नाहीत. “मग वरातीतच शिकवा तिला,” एवढे बोलून त्यांनी दाराबाहेरच्या चपलांकडे पाहिले. भैयासाहेबांनी बाजा परत घेतला. पावती मागितली, तीही दिली. सेलांचे मात्र ते आजतागायत विचारीत आहेत.

या सर्व घडामोडींत चि. चारुलता आश्चर्य वाटावे इतकी शांत आहे. दत्तोपंतांच्या नातवाने “तेरी सीट तो गई” असे तिला रोज जिन्यात ऐकविले तरी ती रडत नाही, हट्ट करीत नाही, शाळेच्या पुस्तकात डोके घालून असते आणि जेवणाच्या पाटावर बोटे आपटीत राहते. हा संयम मी माझ्या संस्कारांचे फळ मानतो. वसंत पंचमी मात्र संयमी नाही, ती येऊन ठेपली आहे. कमलताईंच्या अपेक्षा मला आता पाठ आहेत: पट्ट्या मोठ्या माणसाच्या बोटांच्या मापाच्या, सप्तके चार, आवाज हळू करण्याची सोय, आणि प्राणी शक्यतो नसावेत. अशी वस्तू बाजारात नाही असे नाही. ती मला कोठे मिळेल, याचाच प्रश्न आहे.

असो. हे पत्र निव्वळ क्षेमसमाचाराचे आहे, त्यात कामाचे काही नाही. विहीणबाईंस नमस्कार सांगावा आणि गुडघ्यास जपून जिना चढावा. लोभ जसा आहे तसा ठेवावा, त्यात माझ्या मागील चिठ्ठीपोटी वजावट करू नये.

आपला,
श्रीपाद गणेश

ता. क. – खोके परत करण्यापूर्वी त्याच्या बाजूवर छापलेला तपशील मी सहज वाचला होता. (चारदा.) पट्ट्या पूर्ण मापाच्या, सप्तके चार. प्राण्यांचा उल्लेख नव्हता. ते खोके अद्याप आपल्याकडे, चिकटपट्टीसह, तसेच असल्यास कळवावे. अन्य कोणास दिले असल्यास कळवू नये.

ता. क. दुसरा – नियमात बदल संभवत नाही. परंतु व्यापारात माल पसंतीच्या बोलीवर पाठविण्याची रीत आहे. घेणाऱ्याने तो वापरून पाहावा आणि नापसंत ठरल्यास परत करावा. तोवर मालकी पाठविणाऱ्याचीच. आपण बाजा या बोलीवर पाठविल्यास तो आहेर ठरत नाही, आणि तो घेतला असे मजकडून होत नाही. मुदत चारुलतेच्या विवाहापर्यंत असावी. एवढ्या कालावधीत पसंती-नापसंतीचा निर्णय मी खात्रीने देईन. रविवारी सकाळच्या बसने मी स्वतः धारला येतो. दारात फार बोलू नये.

ता. क. तिसरा – रात्री अंथरुणावर एक विचार आला. त्या विवाहात मी मुलीकडचा असेन. पोरीचा बाजा तिच्यासोबत पाठवू, आणि पलीकडचा कोणी कोटवाला चार ओळींची चिठ्ठी लावून तो परत करील. अशा माणसाच्या घरी आपण उभयतांनी मुलगी देऊ नये. आधी नीट चौकशी करावी.

खाली चि. चारुलतेस दोन ओळी मराठीत लिहावयास सांगितले आहे. हिंदी शाळेमुळे तिचे मराठी कच्चे राहिले आहे, सांभाळून घ्यावे. दुसऱ्याचा मजकूर वाचण्याची मला सवय नाही. पाकीट तीच चिकटवील आणि शाळेत जाताना पेटीत टाकील.

ती. नाना, नमस्कार. मी अच्छी आहे. तुमच्या गुडघ्याला आराम पडला का? बाजा देताना त्याची वायर ढूंढू नका. ती माझ्याजवळ आहे. दिवाळीत आजोबा अंघोळीला गेले तेव्हा मी डब्बा खालच्या साइडने खोलला होता. आजोबांनी फक्त वरची चिकटपट्टी पाहिली. वायर आणि शिकायची किताब मी काढून ठेवली, कारण की आजोबा एक दिवस बाजा वापस मागणार हे मला मालूम होतं. किताबमध्ये चित्रं आहेत, बोटं कुठे ठेवायची त्याची. किताब पूर्ण झाली. आता फक्त बाजा पाहिजे. चारू.