आपोआप पाणी जाणारी होडी

३ मार्च
आजपासून चिडायचं नाही. ठराव पक्का. मामाच्या होडीचा डेक, म्हणजे पाय ठेवायचा तळ, उंच करायला घेतला. डेक बाहेरच्या पाण्यापेक्षा उंच झाला की कडेच्या भोकांतून आतलं पाणी आपोआप बाहेर. टमरेलाने उपसणं कायमचं बंद. परवा होडीत तिच्या नव्या सँडल भिजल्या. (ती म्हणजे औषधांच्या दुकानातली. दुसरी कोण असणार?) म्हणाली, पाय कोरडे राहणार असतील तेव्हाच बोलाव. अर्थ उघड आहे. होकार!

५ मार्च
जुना डेक उखडला. करवत बोथट. फेकली. करवत माणूस नाही, त्यामुळे ठराव शाबूत. मामाने विचारलं, किती जण बसणार रे? या घरात खासगी आयुष्य म्हणून काही ठेवूच देत नाहीत! म्हटलं, तुला काय करायचंय?

९ मार्च, संध्याकाळ
रिकामी होडी तरंगत ठेवून पाणी कुठवर येतं तिथे रेघ मारली. डेक रेघेच्या चार बोटं वर बसवणार. शास्त्रशुद्ध! सरांशी भांडून कॉलेज सोडलं ते बरंच झालं, नाहीतर अजून कागदावरच होड्या तरंगवत बसलो असतो. आईचंही तेच, त्यात बसणार कोण कोण? वर हसली. मामानेच कान भरले. जेवलो नाही.
नंतर जेवलो. उपाशीपोटी प्लाय वाकडं कापलं जातं.

१२ मार्च
प्लायवर लावलेलं रेझिन वाळेना. कंपनी चोर.
दुसरी बाटली त्यात मिसळायची होती म्हणे. हे इतक्या बारीक अक्षरात लिहितात? सगळं खरवडलं. हात सोलवटले. मलम आणायला तिच्या दुकानात गेलो. म्हणाली, आधी हात धू. किती काळजी!

२० मार्च
चाचणी. धक्क्यावरून डेकवर बादली ओतली. सगळं पाणी भोकांतून बाहेर! टाळ्या वाजवल्या. मीच. मामा म्हणाला, आत उतरून बघ. रंग ओला आहे, पाय उमटतील, एवढंही कळत नाही त्याला.
रविवारी ये, असं तिला सांगून आलो.

२२ मार्च, रविवार
आली. त्याच सँडल.
मी बसलो, ती बसली, होडी खाली गेली आणि भोकांतून पाणी आत. मी भोकांवर ओरडलो. टमरेल? ऐटीत भंगारात दिलेलं. ओंजळीने उपसलं. तिने विचारलं, ही भोकं कशाला ठेवलीस? म्हटलं, पाणी बाहेर जायला. तिने पाय वर उचलून घेतले. म्हणाली, मला धक्क्यावर सोड.
ती उतरली. मीही दोर बांधायला उतरलो. होडी वर आली आणि सगळं पाणी खळखळत बाहेर गेलं, अगदी थेंबन्‌थेंब. मी ओरडून सांगितलं, बघ, बघ, जातंय! तिने वळून बघितलं. पिचपिच वाजणाऱ्या सँडलनी निघून गेली.
घरी मामाने पुन्हा विचारलं, किती जण बसणार मग?
चिडलो नाही. म्हटलं, कुणी नाही.