टूरॅकचा ट्रॅक्टर आणि ओला रस्ता

मी, मर्ल डोरीन हेझलडीन, माहेरची ट्रेझाइज, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार टूरॅक, मेलबर्न, हे स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहून दिलेलं नाही. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रं रागाच्या भरात लिहिलेली होती, ती रद्द समजावीत.

१. राहतं घर, त्यातलं सामान आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी जॅकी हिला. जॅकी, जेवणाच्या टेबलावरचा लांब ओरखडा घासून काढू नकोस. तुझ्या बाबांना कलिंगड कापता येत नसे, त्याची तेवढीच खूण उरली आहे.

२. मागच्या अंगणातल्या झाडाची लिंबं तोडण्याचा हक्क शेजारीण रोझलिन हिला. ती तीस वर्षं न विचारता तोडतेच आहे, आता ते रीतसर होईल. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून मी तिला विचारलं, "लिंबं हवीत की सही करायचीय?"

"सही काय चाटायचीय?" ती म्हणाली.

३. कुंपणाची तार ताणायची वडिलांची पक्कड धाकटा भाऊ नेव्हिल ट्रेझाइज याला परत. ती त्याने वर्षभर शोधली आणि हरवल्याचा आळ एका गड्यावर घेतला. ती माझ्या शिवणाच्या डब्यात होती. वडिलांच्या हाताचं काहीतरी जवळ असावं म्हणून मी उचलली होती. त्या गड्याची माफी नेव्हिलने मागावी, माझ्या वतीने.

४. माझी काळी फोर-व्हील-ड्राइव्ह. आमच्या या श्रीमंत वस्तीतल्या, चिखल न पाहिलेल्या ज्या दांडग्या गाड्यांना अख्खं मेलबर्न 'टूरॅकचा ट्रॅक्टर' म्हणून हिणवतं, त्यातलीच ती एक. कांगारूंपासून बचावासाठी पुढे लोखंडी दांडे आहेत. त्यांनी आजवर फक्त जॅकीच्या मुलांच्या शाळेचं फाटक ठोकलं. चिखलात घालायचा खास गिअर मी आयुष्यात एकदाच टाकला. तो दिवस इथे लिहिणं भाग आहे.

जुलै २००६, ऐन हिवाळा. वडील गेले होते. आमच्या वॅरामुक गावच्या दफनभूमीकडे, नेव्हिलच्या शेताच्या कडेने आणि घरावरून, चार किलोमीटर चिकणमातीचा रस्ता जातो. पाऊस पडला की त्या रस्त्यावर चाक घालायचं नाही, हे तिथे पोराटोरांनाही शिकवावं लागत नाही. गाड्या डांबरी सडकेच्या टोकाला लावायच्या आणि वाऱ्याने वरचा थर वाळून घट्ट होईपर्यंत थांबायचं. त्या दिवशीही सगळे थांबले होते, वडिलांची शववाहिनीसुद्धा. मी मेलबर्नहून चार तास गाडी चालवून आले आणि उशीर झाला म्हणून त्या सगळ्यांना वळसा घालून आत शिरले. चारही चाकं ओढणारी गाडी घेतली कशाला, असं मनात होतं. मी त्याच मातीत वाढले होते, मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयही नाही.

दोन किलोमीटरवर गाडी रुतली. मी चाकं फिरवत राहिले आणि गुडघाभर खोल चर पडले. शववाहिनी आता जाणं शक्यच नव्हतं. नेव्हिलने कुंपण तोडलं आणि वडिलांची पेटी ट्रॅक्टरच्या मागच्या फळीवर ठेवून घोट्याएवढ्या वाढलेल्या स्वतःच्या गव्हातून नेली. दफन झाल्यावर त्याच ट्रॅक्टरने त्याने माझी गाडी ओढून काढली. सगळं गाव पाहत होतं.

"बाईसाहेब," साखळी सोडवत तो म्हणाला, "ट्रॅक्टर शेत नांगरतो. तुमच्या टूरॅकच्या ट्रॅक्टरने बापाची वाट नांगरली."

मी म्हणाले, "या गाडीच्या किमतीत तुझं घर येईल, नेव्हिल."

हे मी बोलले. कोणी माझ्या तोंडी घातलेलं नाही.

आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतात, ओळखीचा असो वा परका. परतताना नेव्हिल समोरून आला. मी बोट उचललं. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच राहिले. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. ते चर वसंतापर्यंत बुजले नाहीत आणि त्याची बायको लोर्ना हिवाळाभर वाणसामान कुंपणाकडेने पाठीवरून आणत होती, हे मला तिच्याच नाताळच्या पत्रातून कळलं. पत्रात तक्रार नव्हती. त्यामुळे जास्त लागलं.

तरी सदर गाडी विकून येईल त्या रकमेची खडी त्या रस्त्याच्या मधल्या टप्प्यावर टाकावी. ट्रॅक्टर नावाला तरी जागेल.

५. वडिलांनी माझ्या नावे ठेवलेली अर्धी शेती नेव्हिलला, बिनशर्त. माफ करण्याचीही अट नाही. जॅकीला हे ठाऊक आहे, ती दोन दिवस फुगली, मग म्हणाली, "आई, गहू आणि मेंढरं घेऊन मी इथे करू काय?"

६. मला वॅरामुकला, आईवडिलांच्या शेजारी पुरावं. नेव्हिलची हरकत असेल तर आग्रह धरू नये. इथे मेलबर्नमध्ये गॉर्डनच्या शेजारी जागा आहे, नवरा काही हाकलणार नाही. पण मला घरी जायचं आहे.

खडी पडायला वेळ लागेल, मी त्याआधीच येईन. म्हणून जॅकी, नीट वाच. रस्ता ओला असेल तर डांबरी सडकेच्या टोकाला थांबा. दोन दिवस लागले तर दोन दिवस. मला आता कुठेही उशीर होत नाही. रस्ता वाळला की नाही हे शववाहिनीवाल्याने ठरवायचं नाही, तूही नाही. ते नेव्हिल ठरवेल. त्याने तोंडाने सांगायलाच हवं असं नाही. त्याने बोट उचललं की निघा.

सही: मर्ल डी. हेझलडीन

आम्हा दोघांसमक्ष, एकाच वेळी सही केली. आम्हाला यातून काही मिळायचं नाही, लिंबंसुद्धा नाहीत:
१. थुय न्यूयेन, औषधविक्रेती
२. स्टॅव्ह्रोस कालांझिस, निवृत्त ट्रामचालक

टूरॅक, मेलबर्न. १९ जुलै २०२४. बाहेर पाऊस आहे.