टोचणारी झांज

जुरुनास, बेलें
मंगळवार, ६ ऑगस्ट

प्रिय लेया,

सांतारेंची हवा तुला मानवली असेल. बोटीच्या तिकीटखिडकीवर बसतेस, असं तुझ्या आईकडून कळलं. इकडे सगळे ठीक. मावशीने असाईची फळं घोटायचं नवं यंत्र घेतलंय. रांग लागते, ती गिऱ्हाइकांवर खेकसते, तरी रांग वाढतेच.

आदेमीरकाकांनी त्यांच्या 'काळी मगर' साउंडची स्पीकरांची भिंत आणखी उंच केली. रविवारी दुपारी नदीकाठच्या मैदानात ती पहिल्यांदा वाजेल. त्यासाठीचं गाणं त्यांनी माझ्याकडून मागितलं. एकटीकडून. पोस्टरवर 'लेया-झू' नाही, नुसतं 'झू' आहे.

फोन केला नाही. फोनवर मी भाषण ठोकते आणि समोरच्याला बोलू देत नाही, असं तूच म्हणायचीस.

मागच्या महिन्यात कुकर फुसफुसत राहिला, मी शेजारीच बसले होते, आणि घेवडा करपला. मावशीने मला कानाच्या डॉक्टरकडे पिटाळलं. बाईंनी बंद खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. खालच्या पट्टीतले आवाज मी एकूण एक पकडले. मग शांतता. बटणावर बोट ठेवून मी वाट पाहत राहिले. त्यांनी दार उघडलं तेव्हा मी विचारलं, "वरच्या पट्टीतले कधी सुरू करताय?"

"वाजवून झाले," त्या म्हणाल्या.

तीन वर्षं आपल्या गाण्यांत झांज कमी पडते असं वाटून मी ती वाढवत होते. तू खाली आणायचीस, मी पुन्हा चढवायचे. एकदा तू म्हणालीस, "झू, कानात सुई खुपसल्यासारखं होतं गं." मी म्हणाले, "तुझे कान म्हातारे झाले, बाई. घरी बसून मण्यांच्या माळा ओव."

जूनमधल्या त्या गाण्याचं मिक्सिंग तू संपवलंस आणि जेवायला गेलीस. तेवढ्यात मी झांज चढवली आणि तुला सांगितलं नाही. तू ते तसंच पाठवून दिलंस. मैदानात लोक कान झाकून बाहेर पडले. आदेमीरकाकांनी माईकवरच विचारलं, हे कुणी केलं. मी तुझ्याकडे बोट दाखवलं.

माझे कान गेलेत हे तेव्हा ठाऊक नव्हतं. झांज कुणी चढवली हे ठाऊक होतं.

तू मैदानातून निघून गेलीस. तेव्हापासून बेलेंमधला एकही साउंडवाला तुझं गाणं घेत नाही.

त्याच मैदानातल्या मंचावरून मी किती गरजले, लेया! बायकांनी गाणी रचायची आणि नाव पुरुषांचं लागायचं, हा दरोडा आहे, म्हणाले. टाळ्या घेतल्या. त्यातला प्रत्येक शब्द मला आजही खरा वाटतो, आणि म्हणूनच स्वतःला सूट देता येत नाही. तुझं नाव कुणा पुरुषाने नाही लुटलं. मी लुटलं.

आज सकाळी आदेमीरकाकांना सगळं सांगितलं. रविवारी गाण्याआधी माईकवर बोलणार, म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बोललीस तर माझ्या भिंतीवर तुझं गाणं पुन्हा वाजणार नाही," ते म्हणाले. "बहिऱ्या बाईकडून गाणं कोण घेईल, पोरी? लोक माझ्याकडे नाचायला येतात. पापं सांगायला चर्च आहे."

मला भीती वाटते. मला दुसरं काम येत नाही. रविवारी समोर गर्दी उभी राहील आणि मी, एवढी बोलघेवडी, कदाचित गप्प बसेन. माझा मलाच भरवसा नाही. म्हणून हे पत्र आधी निघतंय. उद्याच्या बोटीने येईल, शनिवारी तुझ्या हाती पडेल.

मी बोलले नाही, तर हे आदेमीरकाकांना दाखव, हवं त्या साउंडवाल्याला दाखव, तुझ्या आईला वाचून दाखव. माफी मागत नाही. ती मागण्याआधी तुझं नाव परत करायला हवं. मला पुढे नाकबूल करता येऊ नये, म्हणून खाली लाडाचं नाव लिहीत नाही.

जूनच्या गाण्यातली झांज वाढवणारी,
झुलैदे बार्रोस पाशेको